महागडी लेन्स घेतली, तरी डोळा पुसट का?

प्रश्न : सहा वर्षं एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि त्यासोबत आलेली 18-55 लेन्स वापरली. आता 24 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डीएसएलआर आणि 85 मिमी एफ/1.4 लेन्स घेतली. तरी घरातले फोटो पूर्वीपेक्षा पुसट येतात. मुलीचा एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर. हळदीच्या ग्रुप फोटोत फक्त मधली रांग नीट आली. लेन्स सदोष आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : बहुधा नाही. जुनी लेन्स 55 मिमीवर एफ/5.6 पेक्षा जास्त उघडतच नव्हती (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). दीड मीटरवरून तिच्यात साधारण 16 सें.मी. खोली (पुढून मागे जाणारं अंतर) फोकसमध्ये राहायची, म्हणजे नाकापासून कानापर्यंत सगळा चेहरा. नवी लेन्स एफ/1.4 वर तेवढ्याच अंतरावरून जेमतेम अडीच सें.मी. देते. मुलीनं मान थोडी वळवली की लांबचा डोळा त्याबाहेर जातो. एफ/4 वर हीच खोली सुमारे साडेसात सें.मी. होते. घरातल्या पोर्ट्रेटसाठी तिथूनच सुरुवात करा आणि फोकसचा एकच बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. मधल्या बिंदूवर फोकस धरून मग कॅमेरा फिरवायची सवय असेल तर ती सोडाच. उघड्या लेन्सवर तेवढ्या हालचालीनंही फोकस सुटतो.

ग्रुप फोटोचंही तेच. 6 मीटरवरून एफ/1.4 ला 42 सें.मी. खोली मिळते, तीन रांगांना ती कशी पुरणार? एफ/5.6 ला ती 1.7 मीटर होते. फोकस पुढून दुसऱ्या रांगेवर घ्या.

पुसट फोटो संगणकावर 100 टक्के मोठा करून पाहा. सगळी चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसली, तर हात हलला आहे. मागची भिंत स्पष्ट आणि फक्त मूल पुसट असेल, तर मूल हललं आहे; शटर 1/250 सेकंद किंवा त्याहून वेगवान हवं. कान स्पष्ट आणि डोळा पुसट, तर फोकस चुकला. शटर वेगवान ठेवण्यासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 1600-3200 पर्यंत न्यायला बिचकू नका. फोटोत थोडे दाणे (बारीक ठिपके) चालतात, हललेला चेहरा मात्र नंतर सुधारता येत नाही.

फोकस दरवेळी एकाच बाजूला चुकत असेल, तर मात्र कॅमेरा-लेन्सचा मेळ तपासा. स्टँडवर कॅमेरा लावून 2 मीटरवर तीन पेन्सिल सेल तिरक्या रांगेत, मागेपुढे 3 सें.मी. अंतर ठेवून उभे करा. मधल्यावर फोकस घेऊन एफ/1.4 ला दहा फोटो काढा. प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवा. दहाही वेळा मागचाच सेल स्पष्ट आला तर मेनूतलं फोकस फाइन-ट्यून (फोकस किंचित पुढेमागे सरकवणारं सेटिंग) वापरा. कधी पुढचा, कधी मागचा आला तर त्या सेटिंगनं फरक पडणार नाही.

आणि प्रकाश! डोक्यावरच्या ट्यूबनं डोळ्यांत काळे खड्डे पडतात, ते कोणतीही लेन्स भरून काढत नाही. ट्यूब बंद करा, मुलीला खिडकीपासून एक मीटरवर तिरकं बसवा, पलीकडून पांढरी चादर धरा. खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळा प्रकाश एकत्र आला, तर व्हाइट बॅलन्सही (प्रकाशाच्या रंगाशी जुळवून घेणारं सेटिंग) दोन्ही सांभाळू शकत नाही.

प्रश्न : 12 × 18 इंची प्रिंटसाठी 45 मेगापिक्सेलचा कॅमेरा लागेल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. इंचाला 300 पिक्सेल धरले तरी 3600 × 5400, म्हणजे 19.4 मेगापिक्सेल होतात, 24 पुरतात. बरंच क्रॉप करायचं असेल तरच 45 चा उपयोग. त्यात हाताचा कंपही जास्त उठून दिसतो. ते पैसे चांगल्या ट्रायपॉडला द्या. मधला दांडा वर काढून वापरू नका, ट्रायपॉड तिथंच सर्वांत जास्त डगमगतो.