अध्ययन निष्पत्ती (म्हणजे शिकून झाल्यावर मुलांना काय करता यायला हवं ते) समोर ठेवून पाठाचं नियोजन नेमकं कसं करायचं?

उलट्या दिशेने. बहुतेक जण आधी धडा आणि उपक्रम ठरवतात आणि शेवटी टाचणात (पाठाच्या लेखी नियोजनात) जुळेल ती निष्पत्ती चिकटवतात. मीही बरीच वर्षं तेच केलं.

आधी निष्पत्तीतलं क्रियापद पकडा. ‘भिन्नच्छेद अपूर्णांकांची तुलना करतात’ यात ‘तुलना’ हा जीव आहे, म्हणजे नुसती व्याख्या पाठ होऊन भागत नाही. (शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांची १९५६ सालची, शिकण्याच्या पातळ्यांची वर्गवारी इथे अजून उपयोगी पडते: आठवणं वेगळं, वापरणं वेगळं.) मग लगेच, शिकवण्याआधीच, तपासणीचा प्रश्न लिहा: ३/४ मोठा की ५/८, आणि का? ‘का’ गाळू नका. आकडे मोठे दिसतात म्हणून ५/८ म्हणणारी मुलं तिथेच सापडतात. आता उपक्रम निवडा. कागदाच्या पट्ट्या दुमडणं इथे कामाचं, कारण दोन्ही भाग शेजारी ठेवता येतात. अपूर्णांकांचं गाणं मजेदार असेल, पण त्यातून तुलना येत नाही, म्हणून सोडा.

एका तासिकेला एकच निष्पत्ती पुरे. मोठी असेल तर तीन-चार तासिकांत फोडा. शेवटची पाच मिनिटं त्या प्रश्नासाठी राखा; उत्तरं पाहूनच उद्याचं टाचण लिहा.