डोंबारी, चंडोल की भारद्वाज?

केज तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे : "आमचे आबा माळावरच्या चिमणीएवढ्या एका पाखराला 'डोंबारी' म्हणायचे. मुलाच्या पुस्तकात त्याच चित्राखाली 'डोंबारी चंडोल' असं छापलंय. शाळेतल्या बाई म्हणतात, नुसतं चंडोल म्हणा, डोंबारी हा शब्द बरा नाही. आणि संस्कृत शिकणारा भाचा म्हणतो, चंडोल म्हणजेच भारद्वाज. खरं कोणाचं धरायचं?"

आबांचं धरा. बाकीच्यांचंही थोडं थोडं खरं आहे, पण ते पाखरू नीट पाहिलं होतं ते आबांनी.

एखाद्या सकाळी मुरमाड गायरानावर किंवा नांगरून टाकलेल्या वावराच्या कडेला जाऊन उभं राहा. आधी काहीच दिसत नाही. मग एका ढेकळाजवळून मातीचाच तुकडा उठावा तसा तो नर उठतो आणि पंख फडफडवत जवळजवळ सरळ वर चढतो. वर पोहोचला की पंख मिटून घेतो आणि खाली कोसळतो. आता आपटणार असं वाटतं तोच पंख उघडून पुन्हा थोडा वर उसळतो, पुन्हा कोसळतो. प्रत्येक झेपेसोबत एक बारीक, लांबट शीळ. असं पायरी-पायरीने उतरत तो शेवटी एखाद्या ढेकळावर येऊन बसतो, आणि जरा दम खाऊन परत वर.

आता गावात ढोलकी वाजली की आपण ज्या खेळाला धावायचो तो आठवा. कोलांटी, तोल, आता पडला असं वाटायला लावणारी ती उडी आणि अलगद टेकलेले पाय. हे उड्डाण पाहणाऱ्याला दुसरं नाव सुचणं अवघड होतं. माझ्या मते या नावाचा उगम इथेच आहे, पाखराच्या रंगात नाही. शास्त्रीय नावाशी ताडून बघा. स्कोपोली या निसर्गशास्त्रज्ञाने १७८६ साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं. आज ते 'एरेमोप्टेरिक्स ग्रिसियस' असं लिहितात. ग्रीकमध्ये 'एरेमोस' म्हणजे ओसाड जागा, 'प्टेरिक्स' म्हणजे पंख, आणि लॅटिनमध्ये 'ग्रिसियस' म्हणजे राखाडी. त्यात जागा आली, रंग आला. पाखरू करतं काय, ते मात्र आबांच्या शब्दात आलं.

रंगाबद्दलही सांगतो, कारण ओळख पटायला तो लागतो. नराचा माथा राखेच्या रंगाचा, गाल पांढुरके, डोळ्यावरून काळी पट्टी आणि गळ्यापासून पोटापर्यंत सगळं काजळासारखं काळं. पाठ मात्र मातकट. म्हणून बसला की हरवतो आणि उडाला की आभाळात काळा ठसठशीत दिसतो. मादीला यातलं काहीच नाही, ती साध्या चिमणीसारखी भुरकट.

'चंडोल' हे त्याचं आडनाव समजा. या कुळातले बरेच पक्षी मराठीत चंडोलच. नुसतं चंडोल म्हटलं की अनेकांना डोक्यावर तुरा असलेला तुरेवाला चंडोल आठवतो. डोंबाऱ्याला तुरा नाही, चोचही आखूड आणि जाड. म्हणजे 'डोंबारी' काढून टाकलं तर आडनाव उरतं आणि माणूस हरवतो.

भाच्याचा मुद्दा मला सगळ्यात आवडला. संस्कृत कोशांत 'भरद्वाज' या शब्दाचा चंडोल हा अर्थ खरंच दिलेला आहे, आणि अमरकोशात त्याच पक्ष्याला 'व्याघ्राट' असंही म्हटलंय. पण मराठीत भारद्वाज म्हणजे वीटकरी पंखांचा, लालभडक डोळ्यांचा, 'कुप् कुप्' करत झुडपातून चालणारा तो मोठा पक्षी, ज्याचं दर्शन शुभ मानतात. कुठे तो आणि कुठे हे मूठभर पाखरू! शब्द संस्कृतातून आला तरी मराठीत तो दुसऱ्याच पक्ष्यावर जाऊन बसला आहे. भाच्याचं संस्कृत बरोबर आहे, पण ते मराठीत जसंच्या तसं आणलं तर गावात कोणी भलताच पक्षी दाखवील.

राहिलं बाईंचं म्हणणं. त्यामागची काळजी मला समजते. डोंबारी ही एका भटक्या जमातीची ओळख आहे आणि ती माणसं आपल्याच आसपास राहतात. पण हा शब्द शिवी नाही. 'नुसता डोंबाऱ्याचा खेळ चाललाय' असं हिणवून बोलतो तेव्हा हलकेपणा आपण त्यात घालतो. पाखराला हे नाव देणाऱ्याने त्या कसबाला दाद दिली आहे. ते पुसलं तर अपमान पुसला जाणार नाही, दाद तेवढी पुसली जाईल. मुलांना शिकवताना डोंबारी कोण, त्यांचं कसब काय, हेही सांगावं.

लिहिताना : एक डोंबारी, अनेक डोंबारी, आणि विभक्ती लागताना 'डोंबाऱ्याचं घरटं'. हे घरटंही एकदा अगदी जवळून पाहायला मिळालं. बैलाच्या खुराने पडलेल्या खळग्यात, ढेकळाच्या आडोशाला, गवताच्या काड्यांची छोटी वाटी. काठाला बारीक खडे मांडलेले. आत दोन अंडी, पांढुरकी, तपकिरी ठिपक्यांची. वरून मादी उडाली म्हणून कळलं, नाहीतर पाय पडला असता. थोडं मागे सरून बसलो, तर काही वेळाने काळ्या पोटाचा नर येऊन अंड्यांवर बसला. या पाखरांत उबवायचं काम दोघं करतात.

मादीला काय म्हणायचं, असंही ताईंनी शेवटी विचारलंय. 'डोंबाऱ्याची मादी' म्हणा. 'डोंबारीण' म्हटलं तरी मराठीच्या वळणाला धरूनच आहे, पण ती कोलांट्या मारत नाही, तो खेळ नराचा.