एडब्ल्यूएसवर (अमेझॉनची क्लाउड सेवा) नवीन आहेस? आधी कुलपं, मग सर्व्हर

खातं उघडलंस की पहिल्यांदा रूट लॉगिनला (सगळे अधिकार असलेलं मालकाचं लॉगिन) एमएफए, म्हणजे पासवर्डसोबत दुसरी ओळखतपासणी, लाव. रूटची अ‍ॅक्सेस की (प्रोग्रॅमनं खातं वापरायची चावी) असेल तर सरळ पुसून टाक. कोडमध्ये की लिहायची नाही. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) चुकून गेली तर ती उचलायला बॉट टपलेलेच असतात. त्याऐवजी ईसीटूला (एडब्ल्यूएसवरचा भाड्याचा सर्व्हर) आयएएम रोल (ठरावीक परवानग्या असलेली ओळख) दे, पण परवानग्या देताना हात आखडता ठेव. २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेच्या सुमारे १० कोटी अमेरिकी ग्राहक आणि अर्जदारांचा डेटा गेला. हल्लेखोरानं फायरवॉलमधल्या चुकीतून मेटाडेटा सेवेपर्यंत (सर्व्हरला रोलच्या तात्पुरत्या चाव्या पुरवणारी आतली सेवा) पोचून रोलच्या चाव्या मिळवल्या, आणि त्या रोलला एस-थ्री (एडब्ल्यूएसचा फाइलसाठा) वाचायची मुभा होतीच! म्हणून आयएमडीएसची, म्हणजे याच मेटाडेटा सेवेची, दुसरी आवृत्ती सक्तीची कर. पोर्ट २२ (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं दार) जगाला उघडं नको, त्यासाठी एडब्ल्यूएसचा सेशन मॅनेजर पुरतो. बजेट अलर्ट मात्र आजच लाव. कुणी चोरून क्रिप्टो मायनिंग सुरू केलं तर चाहूल बहुधा बिलातच लागते.