लाजेच्या क्रमाने फेडू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी जेवून ओट्यावर बसलो होतो. दहा मिनिटं बोललास. त्यातली सात तुझ्या वडिलांवर, आबांवर, चिडण्यात गेली, बाकीची नाक ओढण्यात. कर्जाचा आकडा मात्र तोंडातून निघाला नाही. "लई आहे आप्पा, आते काय करानं?" एवढंच. काल दुपारी कागदाचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. आता बोलता येईल.

गावच्या सोसायटीचं पीककर्ज 1,40,000. मायच्या पाटल्यांवर उचललेले 90,000. खाजगीवाल्या सावकाराचे 2,00,000, महिन्याला शेकडा तीननं. कृषी केंद्राची उधारी 60,000. मामाचे आणि आत्याचे मिळून 50,000. मायच्या बचतगटाचे 38,000. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, तुझे स्वतःचे ॲपवरचे 15,000. ते का लपवत होतास, मला कळतं. बेरीज तू केली नव्हतीस, मी केली. 5,93,000.

आकड्यापेक्षा मला तू मागच्या बाजूला लिहिलेलं जास्त लागलं. यंदा कापसाचे 1,10,000 आले, ते कुठे गेले? 44,000 कृषी केंद्राला, कारण त्याने बसस्टँडवर चार लोकांत हटकलं. 30,000 मामाला, कारण साखरपुड्यात मामी टोचून बोलली. 36,000 खाजगीवाल्याला, सहा महिन्यांचं नुसतं व्याज, कारण तो मोटारसायकल दारात लावून हॉर्न वाजवतो. सोसायटीला किती? शून्य. सोसायटीचा सचिव दारात येऊन हॉर्न वाजवत नाही ना.

मी एकतीस वर्षं गटसचिव होतो. चोपडा तालुक्यातल्या चार गावांच्या सोसायट्यांची दप्तरं मी लिहिली. माणसं कर्ज व्याजाच्या क्रमाने फेडत नाहीत, लाजेच्या क्रमाने फेडतात. जो जास्त लाज काढतो त्याला आधी. आणि नेमकं सगळ्यात स्वस्त कर्ज गुपचूप बसलेलं असतं, म्हणून तेच थकतं. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर आपल्या राज्यात शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. ते थकलं की सवलत गेली, नवं कर्जही गेलं. मग बियाण्याला पैसे कुठून? परत त्या हॉर्नवाल्याकडून. आबांचं चाक असं उलटं फिरतंय. कर्जमाफीची वाट बघत थांबलेलेही मी पुष्कळ पाहिले. 2017 ची दीड लाखाची आणि 2019 ची दोन लाखांची यादी मीच लावली. ज्यांचं बसलं त्यांचं बसलं, पण खाजगीवाल्याची वही दोन्हीत नव्हती.

हे सगळं शहाणपण सांगणारा मी, माझीच गोष्ट ऐक. आमच्यात 'नवं-जुनं' करतात तुला माहीत आहे. मार्चअखेर कुठून तरी पैसे उभे करायचे, जुनं कर्ज भरायचं, आठ दिवसांत नवं मंजूर झालं की उसने परत. मी गावाचं नवं-जुनं करून द्यायचो. एका वर्षी घरचं करायला 80,000 उचलले, महिन्याला शेकडा पाचनं. म्हटलं आठ दिवसांचा प्रश्न आहे. त्या वर्षी बँकेचं वाटप जुलैपर्यंत लांबलं. आठ दिवसांचे पैसे चार महिने अंगावर बसले. 16,000 व्याज. सचिव असून मी चौकातून जायचं बंद केलं होतं, मारुतीच्या मागच्या बोळीने सोसायटीत जायचो. शेवटी तुझ्या काकूच्या बांगड्या नेऊन ठेवल्या आणि तिला सांगितलं, पॉलिशला टाकल्यात. ती काही बोलली नाही. महिनाभराने कळण्याची भाकरी थापता थापता तिने विचारलं, "जळगावात पॉलिशला किती दिवस लागतात हो?" मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण त्या रात्रीपासून घरात एक वही झाली, आणि ती तिच्याकडे राहिली.

म्हणून आबांवर ओरडू नकोस. 2021-22 ला कापूस क्विंटलला 10,000 च्या वर गेला, त्या भरवशावर त्यांनी तुझ्या बहिणीचं लग्न लॉन्सवर लावलं. पुढच्या वर्षी भाव पडला तरी परत चढेल म्हणून कापूस घरात ठेवला. अंगाला खाज सुटेपर्यंत ठेवला. सगळ्या खान्देशाने ठेवला होता. त्यात त्यांचा एकट्याचा मूर्खपणा नाही. आणि एक काम तू आधी कर, बाकी सगळं नंतर: फवारणीच्या औषधाचे डबे घरातून काढून शेजाऱ्याच्या खळ्यात ठेव. कारण सांगायची गरज नाही, जागा नाही म्हण. रात्री त्यांच्या खाटेजवळ झोप. ते जेवायचे थांबले किंवा उगाच आवराआवर करायला लागले तर 14416 ला फोन लाव. सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

आता हिशेब. दोन लाखांवर शेकडा तीन म्हणजे वर्षाला 72,000. तिसरं वर्ष संपायच्या आत व्याज मुद्दलाच्या पुढे जातं. 2014 चा सावकारी कायदा आहे आपल्याकडे. परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 9 आणि विनातारण 12 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तुमचा हा माणूस तर बिनपरवान्याचा, 36 नं घेतो. त्या कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हे त्याला पहिल्या भेटीत ऐकवू नकोस, पण तुला माहीत असू दे. नुसतं माहीत असलं तरी माणूस त्याच्यासमोर वेगळा बसतो.

तो आता 'विश्वासासाठी' एक एकराचं खरेदीखत करून मागतोय म्हणालास. आबांना तालुक्याला जाऊच देऊ नकोस. हे गहाण नसतं, विक्री असते, आणि तोंडी 'पैसे दिले की परत करून देईन' ते कोर्टात उभं राहत नाही. माझ्या चार गावांत असे किमान सहा सातबारे बदललेले मी पाहिलेत. ज्यांचे गेलेत त्यांना सावकारीपायी गेलेली जमीन म्हणून पंधरा वर्षांच्या आत जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, काहींना परत मिळालीही, पण चपला झिजतात. न करणं सोपं. तो खाजगीवाला तुला नोकरीवर चाकणला फोन करून 'बापाचं पोरानेच फेडायचं असतं' म्हणतो, तर सांग की तू जामीन नाहीस. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जासाठी, केवळ मुलगा आहे म्हणून, कोर्ट पोराकडून वसूल करत नाही. वारसात आलेल्या जमिनीचं वेगळं. आणि आता कुठल्याही कागदावर जामीन म्हणून सही करू नकोस, मामाने सांगितलं तरी.

मला सुचतं ते मी सांगतो, पण ते मायने ठरवायचं. पाटल्या तीन तोळ्यांच्या आहेत म्हणालास. ठेवल्या तेव्हा सोनं स्वस्त होतं, आज दहा ग्रॅमला लाखाच्या वर आहे. त्या मोडल्या तर 90,000 आणि वरचं व्याज जाऊन, घट वजा जाता, खाजगीवाल्याचं मुद्दल सुटेल एवढे उरतील. दोन कर्जं एकदम संपतात आणि वर्षाचे 72,000 वाचतात. आपल्याकडे सोनं मोडणं म्हणजे घर मोडल्यासारखं वाटतं लोकांना, जळगावच्या सराफ्यात शिरताना बायका पदर पुढे ओढतात. पण ठेवलेलं सोनंही तिच्या हातात नाहीच आहे. तू तिला एकटीला बसवून विचार, आबांच्या तोंडून नको. ती नाही म्हणाली तर नाही, मग आपण दुसरं बघू. खाजगीवाल्याला पैसे देताना मात्र दोन माणसं बरोबर ने, आणि त्याने आबांकडून घेतलेले सह्या केलेले दोन कोरे चेक परत हातात आल्याशिवाय रोकड मोजू नकोस. पावती घे.

गटाचा हप्ता एकदाही चुकवू नकोस. तिथे मायचा हप्ता चुकला तर बाकीच्या बाया भरतात, त्यांच्याही घरी तेच आहे. लाजेच्या विरुद्ध एवढं लिहिलं, पण ही एक लाज खरी आहे.

ॲपचे पंधरा हजार पुढच्या पगारातून तूच मिटव, आबांना त्यात ओढू नकोस. त्यांचा माणूस सकाळी 8 च्या आधी नि संध्याकाळी 7 नंतर फोन करू शकत नाही, तुझ्या फोनातले नंबर काढून नातेवाइकांना फोन करणं तर नियमात बसतच नाही. तसं केलं तर रिझर्व्ह बँकेकडे तक्रार कर.

मामाकडे पैसे नेऊ नकोस, तारीख ने. "मामा, पुढच्या दिवाळीला दहा, नंतरच्या आखाजीला दहा." तोंडावर सांगितलं की माणूस निम्मा शांत होतो. मामीचं मी काही सांगू शकत नाही.

कृषी केंद्रवाल्याला हळूहळू दे, पण पुढचं बियाणं रोखीने घे. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव वेगळा असतो हे तो कधी बोलत नाही, एकदा दोन्ही विचारून बघ.

राहिलं सोसायटीचं. 31 मार्चला अजून सव्वा महिना आहे. 1,40,000 नवं-जुनं करायला कुणाकडून उचलू नका, माझं झालं तसं होईल. तुझ्या भिशीचा नंबर या महिन्यात लागतो म्हणालास, ते 60,000. घरात अजून आठ क्विंटल कापूस आहे, तो वीक आता, भावाची वाट बघू नकोस. उरलेले कमी पडतील त्याचं मी सचिवाशी बोलतो. पोरगा नवा आहे पण ऐकतो.

रविवारी येशील तेव्हा सोसायटीचा खातेउतारा, सातबारा, पाटल्यांची पावती आणि मायच्या गटाचं कार्ड आण. आबांनाही आण. ते नाही म्हणतील, तर सांग आप्पाला कापसाच्या वजनाचं काहीतरी विचारायचंय. वही मी आणून ठेवतो. चार वाजेनंतर या, तोवर ओट्यावर ऊन असतं.

तुझा,
आप्पा