पदवी एका विषयाची, प्रश्न अनेक विषयांचा

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय रसायनशास्त्र. नीट दोनदा दिली, जमलं नाही. आता तिला विद्यापीठात जाऊन आपल्या भागातल्या विहिरींच्या पाण्यावर संशोधन करायचंय. त्यात रसायन, भूशास्त्र, जीवशास्त्र सगळंच लागतं म्हणून एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रात करते म्हणते. नांदेडला राहून खरंच संशोधन होतं का, की पुण्यालाच पाठवावं? आणि पोटापाण्याचं काय? घरी पाच एकर कोरडवाहू आहे.
– एक पालक, अहमदपूर तालुका

उत्तर : सप्रेम नमस्कार. मुलीने प्रश्न उत्तम निवडला आहे. एम.एस्सी.चा विषय मात्र तिने पुन्हा तपासावा.

पाण्याला अनेक शास्त्रं लागतात हे तिचं म्हणणं खरं आहे. समजा, एका विहिरीत नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वर निघालं. ते शेतातल्या युरियाचं, की शेजारच्या शोषखड्ड्याचं आणि गोठ्याचं? नुसत्या त्या आकड्यावरून कळत नाही. क्लोराइड किती आहे, सांडपाण्याची खूण देणारे कोलिफॉर्म जिवाणू आहेत का, नायट्रोजनची समस्थानिकं (त्याच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) काय दाखवतात, हे सगळं जुळवावं लागतं. त्यातून आपल्याकडे काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांत आणि मुरमात साठतं, त्यामुळे एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या बोअरचं पाणी वेगळं निघू शकतं. कोणती बोअर कोणत्या थरातून पाणी ओढते, हे भूशास्त्रवाल्याला सोबत घेतल्याशिवाय उमगत नाही. ज्या लातूरला 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या मुलीला हा प्रश्न पडावा याचा मला मनापासून आनंद आहे.

पण अशी कामं फसतात ती बहुतेकदा पायाभूत गोष्टींत. बोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवून पाइपातलं साचलेलं पाणी काढून टाकायचं आणि मगच नमुना घ्यायचा. पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा) आणि विद्युतवाहकता तिथेच मोजायची. बाटली नांदेडला पोचेपर्यंत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो. फ्लोराइडसाठी काचेची बाटली चालत नाही, प्लास्टिकचीच हवी. धातूंसाठीच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच 2च्या खाली आणतात. त्याच बाटलीतून कोणी नायट्रेट मोजलं तर आम्लातलं नायट्रेट मोजलं जातं आणि विहीर उगाच बदनाम होते. म्हणून बाटल्या वेगळ्या, जिवाणूंसाठी तिसरी, निर्जंतुक केलेली, बर्फात ठेवलेली. शेवटी पाण्यात विरघळलेल्या धन आयनांची आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे विद्युतभार मोजणाऱ्या एककात, करून पाहायची, दोन्ही सारख्या यायला हव्यात. फरक साधारण 5 टक्क्यांपेक्षा फार जास्त आला तर कुठेतरी मोजमाप चुकलं आहे, पुन्हा करायचं. एवढं ज्याच्या हातात बसलंय त्यालाच दुसऱ्या शास्त्राचा माणूस बरोबरीने वागवतो.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला : एम.एस्सी. रसायनशास्त्रातच करू द्या. कारण व्यवहाराचंही आहे. प्राध्यापकीची आणि संशोधनवृत्तीची पात्रता ठरवणारी नेट परीक्षा रसायनशास्त्राची सीएसआयआरकडे (केंद्राची वैज्ञानिक संशोधन परिषद), पर्यावरणशास्त्राची यूजीसीकडे (विद्यापीठ अनुदान आयोग), म्हणजे विषय बदलला की परीक्षाही बदलते. रसायनशास्त्र विभाग जवळपास प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात असतो, पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग मोजक्याच ठिकाणी. सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत पदवीचा विषय बघतात, प्रबंधाचं शीर्षक नंतर. नॅनोसायन्ससारख्या आकर्षक नावाच्या पदव्यांनाही हेच लागू आहे. अनेक विषयांची जोड पीएच.डी.त द्यावी. यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार दुसऱ्या विभागातले किंवा दुसऱ्या संस्थेतलेही सहमार्गदर्शक घेता येतात. मुख्य मार्गदर्शक रसायनशास्त्राचे आणि सोबत भूशास्त्राचे, अशी जोडी तिच्या विषयाला चपखल बसेल.

नांदेड की पुणे? स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात रसायनशास्त्र, भूशास्त्र आणि जीवशास्त्र ही संकुलं (म्हणजे विभाग) विष्णुपुरीच्या एकाच आवारात आहेत. तिच्या प्रश्नाला हे फार सोयीचं आहे आणि विहिरीही त्या मानाने जवळ. प्रत्येक उपकरण तिथे मिळेल असं नाही. नसेल त्यासाठी आय-स्टेम या सरकारी पोर्टलवरून देशातल्या इतर संस्थांच्या उपकरणांवर वेळ मागता येते. शुल्क भरावं लागतं, रांगही असते, तेव्हा नमुना साठवून टिकेल का हे आधी ठरवायचं. जर्नल वाचायला मिळत नाहीत ही जुनी अडचणही जानेवारी 2025 पासूनच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी संस्थांना जर्नल खुली करणाऱ्या केंद्राच्या योजनेने बरीच कमी केली आहे. तरी एम.एस्सी.साठी जॅम ही आयआयटीची प्रवेश परीक्षा जरूर द्यावी. अर्ज साधारण सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत. आयआयटीत जागा मिळाली तर तिथे पाठवा. इथल्या विहिरींवर पीएच.डी. तिथून परत येऊनही करता येते.

मार्गदर्शक निवडताना शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडून बघा. ऋणनिर्देशाच्या पानावर उपकरणं कुठली वापरली ते कळतं, पहिल्या पानांवर नोंदणीचं साल सापडलं तर काम किती वर्षं चाललं तेही. प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6, सहायक प्राध्यापकाकडे 4 संशोधक असू शकतात, तेव्हा जागा आहे का हेही आधीच विचारावं. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणाऱ्या जर्नलच्या वाटेला कुणी नेत असेल तर त्या प्रयोगशाळेपासून दूर राहावं.

आता पैसा. नेटमधून मिळणारी जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा 37,000, नंतर 42,000 रुपये, वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. ती नाही मिळाली तर प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती बघावी, तिथे पीएच.डी. नोंदणीच्या तारखेवर पात्रता अडते, जाहिरात नीट वाचा. रक्कम दर महिन्याला वेळेवर येईलच असं धरून चालू नका, काही महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. पीएच.डी.ला किमान 3, कमाल 6 वर्षं, महिलांना आणखी 2 वर्षांची सवलत आणि 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा असते. एम.एस्सी. धरून मुलगी तिशीच्या जवळ जाईल, हे घरात आत्ताच मोकळेपणी बोलून घ्या. मधेच दबाव आला की प्रबंध अर्धवट राहतो.

या वर्षी तिने दोन गोष्टी कराव्यात. महाविद्यालयाकडून ‘आविष्कार’ या राज्यातल्या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत पोस्टर द्यावं. गावातल्या दहा विहिरींचं मे महिन्यातलं आणि पावसाळ्यानंतरचं पाणी एवढा विषय पुरतो. आणि तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपला अर्ज करावा. दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. तिथे काम आवडलं नाही तरी ते पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

एम.एस्सी.नंतर नेटच्या दोन-तीन फेऱ्यांत जेआरएफ मिळाली नाही तर शेत गहाण टाकून पीएच.डी. करू देऊ नका. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्यातल्या औषध कंपन्यांत किंवा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांत केमिस्ट म्हणून तिला काम मिळू शकतं, आणि पगार घेत नेटचा अभ्यास चालू ठेवता येतो.