जुन्या फोटोतल्या शिकाऱ्याच्या हातातली बंदूक बघून फोटो कधीचा ते ओळखता येतं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या जुन्या शिकाऱ्यांचे आणि ट्रॅपर म्हणजे सापळे लावून जनावरं पकडणाऱ्या लोकांचे रायफल घेऊन काढलेले जे फोटो सगळीकडे फिरतात ते खरे असतात का, आणि बंदुकीवरून साल सांगता येतं का. साल नाही सांगता येत. फोटो अमुक सालाच्या आधीचा नाही एवढं मात्र नक्की सांगता येतं, कारण जी बंदूक बनलीच नव्हती ती फोटोत येणार कुठून. उलट बाजूने काही कळत नाही, बंदूक काय मोबाईल आहे का दोन वर्षांनी टाकून द्यायला, आमच्या आजोबांकडे कुडाळला शेती संरक्षणाच्या लायसनवरची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारूगोळी ठासून भरायची बंदूक होती ती त्यांच्या वडलांच्या काळातली, आणि आजोबांचा तिच्यासोबतचा फोटो कलर आहे. आता उद्या कोणी त्या बंदुकीवरून फोटोचं साल काढायला बसला तर काय काढेल ते तुम्हीच बघा.

मी काय या विषयातला एक्स्पर्ट वगैरे नाही. डेन्व्हरला नोकरी करतो, सात वर्षं झाली, आणि रविवारी फ्ली मार्केट म्हणजे आपल्या जुन्या बाजारात फिरायची सवय लागलीये. तिथेच हा नाद लागला, तोही एकदा फसल्यामुळे. झालं असं की एका टेबलावर तळहातावर मावेल एवढा टिनटाइप, म्हणजे पत्र्यावरचा जुना फोटो मिळाला, दाढीवाला माणूस, चामड्याचा कोट, बंदूक कोपरात आडवी घेतलेली, आणि खाली चिठ्ठी 'ट्रॅपर, हॉकन रायफलसह, १८५० च्या आसपास'. चाळीस डॉलर. घासाघीस करून पस्तीसला घेतला आणि घरी येऊन बायकोला दाखवला, ती म्हणाली हा आपल्या शेजारच्या प्लंबरसारखा दिसतो.

रात्री भिंग घेऊन बसलो तेव्हा एकेक गोष्ट दिसायला लागली. पहिली म्हणजे टिनटाइपचं पेटंटच १८५६ चं आहे (नावात टिन असलं तरी असतो लोखंडाचा पत्रा, फ्रिजवरचा मॅग्नेट मागून हळूच लावून बघा, चिकटतो), म्हणजे ते १८५० तिथेच गेलं. मग बंदूक. हॉकन ही सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युअल हॉकन या भावांची ठासणीची, टोपीवर (म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या बारीक धातूच्या टोपणावर) उडणारी रायफल, जाडजूड आठकोनी नळी, आणि तिचं लाकूड साधारण अर्ध्या नळीपर्यंतच येतं, पुढे नळी उघडी. माझ्या फोटोत लाकूड जवळजवळ तोंडापर्यंत गेलेलं आणि नळीला लाकडाशी बांधणाऱ्या लोखंडी पट्ट्या दोन. अशा पट्ट्या म्हणजे बहुतेक वेळा सैन्याची बंदूक. मग बंदुकीच्या घोड्याच्या (चाप ओढला की आपटतो तो भाग) शेजारी बघितलं तर नळीच्या मागच्या टोकाला एक जाड ठोकळा, बिजागरीवर वर उघडणारा, याला तिकडे ट्रॅपडोर म्हणतात. सिव्हिल वॉर म्हणजे अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर सैन्याकडे ठासणीच्या बंदुका ढिगाने पडून होत्या, स्प्रिंगफिल्डच्या सरकारी कारखान्यात त्यांनाच मागून कापून असं झाकण बसवलं आणि काडतूस मागून घालायची सोय केली. आधीच्या मॉडेलला तीन पट्ट्या, दोन पट्ट्यांचं १८६८ पासून. म्हणजे माझा 'ट्रॅपर' १८६८ च्या नंतरचा कधीचाही, आणि सैन्याने काढून टाकलेल्या या बंदुका नंतर स्वस्तात विकल्या जायच्या, त्यामुळे तो १८९० चा शेतकरी असला तरी मला नवल वाटणार नाही.

आजोबांनी बंदूक ठासताना मी लहानपणी बघितलंय म्हणून हा फरक पटकन डोक्यात बसला. आधी दारू मापाने ओतायची, मग वर गोळी, मग गजाने ठासायचं, मग टोपी लावायची, एवढं होईपर्यंत डुक्कर शेजारच्या गावात पोचलेलं असायचं. तर ठासणीवाल्या माणसाच्या अंगावर दारूचं शिंग आणि गोळ्यांची पिशवी असणार, आणि कमरेला काडतुसांच्या खाचांचा पट्टा असेल तर हातातली बंदूक काडतुसाची. शिंग आणि काडतुसाचा पट्टा दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर दिसले तर थोडं थांबा, बहुतेक कोणीतरी सामान गोळा करून अंगावर चढवलंय.

आता सगळ्यात मोठी गंमत, जी मला फसल्यावर कळली. टिनटाइप आणि त्याच्या आधीचा डॅगेरोटाइप (तोही धातूच्या प्लेटवरचाच फोटो) हे आरशासारखे उलटे असतात, कारण निगेटिव्ह वगैरे भानगड नाही, कॅमेऱ्यात जी प्लेट गेली तीच तुमच्या हातात येते. त्यामुळे उजवं डावं होतं. ओळखायचं कसं, तर बंदूक आडवी आहे, चाप खाली आहे, नळीचं तोंड तुमच्या उजव्या हाताला आहे आणि घोडा तुमच्याकडच्या बाजूला दिसतोय, तर फोटो सरळ. तोंड डाव्या हाताला आणि तरीही घोडा अलीकडेच दिसतोय, तर उलटा. विंचेस्टर ही काडतुसाची रायफल असेल तर घोड्याऐवजी काडतूस आत सरकवायचं छोटं गेट बघायचं, ते पण उजव्याच बाजूला असतं. बंदूक नसेलच तर शर्टची बटणं, पुरुषाच्या शर्टला बायकांसारखी दिसली की समजायचं.

यात भलेभले फसलेत. बिली द किडचा तो प्रसिद्ध टिनटाइप घ्या, १८७९-८० च्या सुमाराचा, तो काही शिकारी नव्हता, गुंड होता, पण मुद्दा तोच. फोटोत त्याचं पिस्तूल डाव्या कमरेला दिसतं, त्यावरून तो डावखुरा होता असं लोकांनी किती वर्षं धरून ठेवलं. आणि शेजारी उभी विंचेस्टर १८७३, तिचं गेट चुकीच्या बाजूला, समोर दिसत असून कोणी बघत नव्हतं! फोटो उलटा होता, एवढंच. हाच टिनटाइप २०११ मध्ये आमच्या डेन्व्हरला लिलावात २३ लाख डॉलरला गेला. माझा पस्तीसचा.

ट्रॅपर लोकांबद्दल मात्र एक वाईट बातमी आहे. बीव्हर (नदीत राहणारा, मऊ कातडीसाठी मारला जाणारा प्राणी) पकडणारे ते रॉकी माउंटनवाले खरे ट्रॅपर, ज्यांना माउंटन मेन म्हणतात, त्यांचे ऐन भरातले फोटो जवळजवळ नाहीतच. त्यांची वार्षिक जत्रा, रांदेव्हू म्हणायचे, म्हणजे वर्षभराची कातडी आणून विकायची आणि दारूत, जुगारात आणि पुढच्या वर्षीच्या सामानात पैसे उडवायचे, ती भरली १८२५ ते १८४०. आणि डॅगेरची डॅगेरोटाइप काढायची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ ला. म्हणजे इकडे फोटो जन्माला आला आणि तिकडे धंदा बसला, कारण युरोपात बीव्हरच्या हॅटऐवजी रेशमी हॅटची फॅशन आली होती आणि नद्यांमधले बीव्हरही मारून मारून संपत आले होते. १८३७ च्या रांदेव्हूची आल्फ्रेड जेकब मिलर या चित्रकाराने तिथे जाऊन काढलेली चित्रं आहेत, फोटो नाहीत. जिम ब्रिजरसारख्या नावाजलेल्या ट्रॅपरांचे जे फोटो आहेत ते उतारवयातले. त्यामुळे '१८३० चा ट्रॅपर' असा फोटो कुणी पाठवला तर बंदूक बघायचीही गरज नाही.

आणि बरं का, ट्रॅपरचं पोट ज्याच्यावर चालायचं ते हत्यार बंदूक नव्हतंच. सापळा. लोखंडी, साखळीचा, पाण्यात थोडा खाली लावायचा आणि वर काडीला बीव्हरच्याच ग्रंथीचा वास लावायचा, म्हणजे दुसरा बीव्हर कोण आलंय बघायला येतो आणि पाय अडकतो. रायफल होती अस्वलासाठी, जेवणासाठी आणि भांडणासाठी. पण फोटो काढायच्या वेळी सापळा हातात घेऊन कोण उभा राहणार, बंदूकच घेणार ना.

हॉकनचंही सांगतो, नाहीतर कोणीतरी माझ्या या उत्तरावरून साल काढेल. जेकब १८४९ ला कॉलऱ्याने गेला पण दुकान बंद झालं नाही, नंतर जेमर नावाच्या कारागिराने घेतलं आणि थेट १९१५ पर्यंत चालवलं. म्हणजे हॉकन खरी निघाली तरी फोटो १८५० चाच असं नाही.

खरे की खोटे यावर माझं मत असं की बहुतेक फोटो खरे असतात पण साधे नसतात. तेव्हाची प्लेट ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवावी लागायची, म्हणजे रानात जायचं तर काचा, केमिकल आणि अंधाराचा तंबू गाडीवर लादून न्यायचा, त्यापेक्षा माणूसच स्टुडिओत यायचा. काही सेकंद हलायचं नाही म्हणून मागून लोखंडी स्टँडने डोकं धरून ठेवायचे. माझ्या प्लंबरच्या बुटांमागे त्या स्टँडचा पाय स्पष्ट दिसतो. चामड्याचा कोट त्याचा स्वतःचा की स्टुडिओचा, देव जाणे. आपल्याकडे नाही का, आजोबांच्या लग्नाच्या फोटोतला कोट सावंतवाडीच्या स्टुडिओवाल्याचा होता, आणि त्याच कोटात आमच्या तीन नातेवाइकांचे फोटो आहेत. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टचा १८८५ चा फोटो शोधून बघा, चामड्याचा झालरीचा पोशाख, विंचेस्टर १८७६ हातात, कमरेला टिफनी या दागिनेवाल्यांनी बनवलेला सुरा, चेहरा एकदम रानटी, आणि फोटो न्यूयॉर्कच्या स्टुडिओत काढलेला, पायाखालचं गवतसुद्धा आणून पसरलेलं. माणूस शिकारी होता हे खरंच, फक्त त्या दिवशी शिकारीला गेला नव्हता.

स्टुडिओबाहेरचे खरे फोटो बघायचे तर बायसन म्हणजे तिकडच्या रानरेड्यांची शिकार करणाऱ्यांचे बघा. मोंटानातला फोटोग्राफर एल. ए. हफमन १८८० च्या आसपास कॅमेरा घेऊन शिकाऱ्यांच्या मागे मैदानात फिरला. त्या शिकाऱ्यांकडे बऱ्याचदा शार्प्स नावाची रायफल, एका वेळी एकच काडतूस पण गोळी जाड आणि पल्ला लांब, आडव्या काठ्यांवर टेकवून लांबून मारायचे. डॉज सिटीच्या कातड्यांच्या वखारीचा १८७८ चा फोटो आहे, चाळीस हजार कातडी रचलेली आणि त्या ढिगावर एक माणूस बसलाय. त्यात एकही बंदूक नाही, पण मला विचाराल तर शिकारीचा याच्याइतका खरा फोटो मी दुसरा बघितला नाही. कोट्यवधी बायसन होते ते १८८० चं दशक संपेपर्यंत हजाराच्या आसपास उरले.

तुमच्याकडे कागदी कार्डावरचा फोटो असेल तर पाठ बघा, मागे सरकारी रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवलेला असेल तर तो फोटो १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ मधला, कारण तेवढीच दोन वर्षं फोटोवर कर होता. याच्याइतकी पक्की तारीख कुठलीच बंदूक देत नाही. टिनटाइप असेल तर एक लक्षात ठेवा, तसे फोटो जुन्या पद्धतीने आजही काढणारे हौशी लोक आहेत आणि जुन्या कपड्यात उभे राहणारे त्याहून जास्त, त्यामुळे पत्रा आहे म्हणून जुना असंही नाही.

पुढच्या महिन्यात परत त्याच बाजारात गेलो तर तोच माणूस, तेच टेबल, नवा दाढीवाला आणि चिठ्ठी तीच, हॉकन, १८५०. मी भिंग काढलं, लाकूड तोंडापर्यंत, पट्ट्या तीन, साधी सिव्हिल वॉरची मस्केट, म्हणजे सैन्याची ठासणीची बंदूक. त्याला सगळं समजावून सांगितलं, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला बरं, मग तुला तीसला देतो. घेतला.