शेजारच्या ख्रिस्ती काकू माझ्या आईसाठी रोज प्रार्थना करतात. त्यात त्यांना काय मिळतं?

तुमच्या आईचं ऑपरेशन ठरल्यापासून शेजारच्या काकू तिच्यासाठी रोज प्रार्थना करतात. त्यामागे त्यांचा काही हेतू असेल का, आणि देवाला सगळं ठाऊक असेल तर त्याला मुद्दाम सांगायचं कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरात वाढलो, तेव्हा आम्ही हे कसं समजतो ते सांगतो.

दुसऱ्यासाठी केलेल्या अशा प्रार्थनेला आमच्याकडे मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. तिचं मला सगळ्यात भिडणारं उदाहरण बायबलमधल्या मोशेचं आहे. इस्राएली लोकांना मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून बाहेर काढणारा हा पुढारी. इस्राएली लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याची पूजा केली, तेव्हा देव मोशेला म्हणाला, यांचा मी नाश करतो आणि तुझ्यापासून मोठं राष्ट्र निर्माण करतो. मिसरमधून निघाल्यापासून याच लोकांनी कुरकुर करून मोशेला जेरीस आणलं होतं. तो नुसता गप्प राहिला असता तरी त्याचा फायदाच होता. पण तो त्यांच्यासाठी रदबदली करत राहिला, आणि शेवटी म्हणाला, यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझंच नाव खोडून टाक. स्वतःचा फायदा समोर असताना तो सोडून दुसऱ्याच्या बाजूने उभं राहायचं, ही मध्यस्थी. वधस्तंभावरून, म्हणजे क्रुसावरून, ख्रिस्ताने मारेकऱ्यांसाठीच क्षमा मागितली, तिथे ती पूर्ण होते असं आम्ही मानतो.

देवाला माहीत असतंच. तुम्ही मागण्याआधीच तुमची गरज पित्याला ठाऊक आहे, असं येशू सांगतो आणि लगेच प्रार्थनाही शिकवतो. म्हणजे प्रार्थना ही देवाला बातमी देण्यासाठी नाहीच. कफर्णहूम गावात पक्षाघात झालेल्या एका माणसाला चौघांनी उचलून आणलं. गर्दीतून वाट मिळेना, तेव्हा छप्पर उकलून त्याची बाज खाली सोडली. येशूचं चरित्र सांगणारा मार्क लिहितो, की येशूने त्या माणसांचा विश्वास पाहिला. खाटेवरचा माणूस त्या प्रसंगात एक शब्दही बोललेला नाही. आजाऱ्याला स्वतः मागायचं बळ नसतं, तेव्हा कोणीतरी त्याची खाट उचलायची असते.

हे करायला माणूस सुखात असावा लागतो असंही नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या कितीतरी मुली आणून सांभाळल्या. 1905च्या जानेवारीत त्यांनी रोजच्या प्रार्थनेसाठी हाक दिली, तेव्हा सुमारे 70 जणी पुढे आल्या. त्या स्वतःसाठी तर मागतच, पण देशातल्या आणि जगातल्या इतर ख्रिस्ती लोकांसाठीही मागत.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी उपासनेत पाळक (पाद्री) प्रार्थनेचे विषय विचारतात. कोणाचं डायलिसिस, कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाच्या नवऱ्याची दारू. माझी आई ही नावं एका जुन्या वहीत उतरवून घ्यायची आणि पहाटे चहाच्या आधी एकेक वाचायची. त्यात हिंदू, मुसलमान सगळे होते. नळावरून आमच्याशी कडाकडा भांडलेल्या शेजारणीचं नावही होतं, आणि भांडणानंतरही आईने ते खोडलं नाही. त्या बाईला हे कधी कळलंही नसेल. म्हणून काकूंना काय मिळतं या प्रश्नावर मला मनापासून वाटतं, की बहुधा काहीच नाही.

मात्र प्रार्थनेच्या बदल्यात कोणी धर्म बदलायला सांगितलं, किंवा 'तुमचा विश्वास कमी म्हणून गुण येत नाही' असं म्हटलं, तर त्याला प्रेम म्हणू नका. बायबलमधल्या दावीद राजाने आपल्या आजारी बाळासाठी सात दिवस उपास केला, तरी बाळ गेलं. हेही आमच्याच शास्त्रात आहे. न विचारता आजाऱ्याची खाजगी गोष्ट चारचौघांत 'विषय' म्हणून मांडणंही मला पटत नाही. आणि उपाशी माणसाला नुसतं 'सुखी राहा' म्हणून धाडण्यात काय अर्थ, असं याकोबाने बायबलमधल्या त्याच्या पत्रात खडसावलंच आहे. डबा देता येत असेल तर प्रार्थनेबरोबर डबाही गेला पाहिजे.

तुम्हाला नको वाटत असेल तर काकूंना मोकळेपणी तसं सांगा. चालत असेल तर आईचं नाव आणि ऑपरेशनचा दिवस सांगून ठेवा. आणि आई घरी आली की तेही आवर्जून कळवा. पुष्कळदा घरचे नेमकं हेच विसरतात आणि मागणारी आपली रोज मागतच राहते.